जहाज, यॉट आणि विमानाची परदेशी ध्वजाखाली नोंदणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात स्वस्त ध्वज कुठला?" खर्चाबद्दल पुढे सांगितलं आहेच. पण जहाज अडकलं, जळालं किंवा जप्त झालं तर कोण उभं राहील, हे आधी विचारावं असं आम्हाला मनापासून वाटतं. खालची सगळी उत्तरं त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

जहाजाला राष्ट्रीयत्व लागतंच का?

खुल्या समुद्रावर कोणत्याही देशाचं राज्य नसतं. तिथे जहाजावर कायदा चालतो तो ध्वजाचा. डेकवर मारामारी झाली, इंजिनरूममध्ये कुणाचा जीव गेला, कुणाचा पगार थकला, तर दाद मागण्याची पहिली जागा म्हणजे ध्वजराष्ट्र, म्हणजे ज्या देशाचा ध्वज जहाज लावतं तो देश. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. जहाजाला नोंदणी देण्याच्या अटी प्रत्येक देशाने ठरवायच्या (कलम ९१), जहाजाने एकाच देशाचा ध्वज लावायचा (कलम ९२) आणि त्या जहाजावर खरोखर देखरेख ठेवणं हे त्या देशाचं कर्तव्य (कलम ९४).

ध्वजच नसलेलं जहाज कोणत्याही देशाची युद्धनौका थांबवून तपासू शकते. त्याला विमा मिळत नाही, बँक दारात उभं करत नाही आणि बंदरात शिरणंही अवघड होतं.

मालक एका देशाचा आणि ध्वज दुसऱ्याचा, हे कायदेशीर आहे का?

हो, पूर्णपणे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' आठवत असेल. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन कंपनीकडे, खलाशी भारतीय आणि ध्वज पनामाचा. व्यापारी जहाजांच्या जगात हे रोजचं चित्र आहे. लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तीन देशांच्या रजिस्ट्रींकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयांकडे, मिळून जगातल्या जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वाटा आहे.

कलम ९१ मध्ये जहाज आणि ध्वजराष्ट्र यांच्यात 'खरा संबंध' असावा असं म्हटलं आहे, पण तो कसा मोजायचा हे सांगितलेलं नाही. मालकी, खलाशी किंवा व्यवस्थापन यांत त्या देशाचा प्रत्यक्ष वाटा असावा, असं ठरवू पाहणारा एक करार १९८६ मध्ये झाला. पुरेशा देशांनी तो स्वीकारला नाही, त्यामुळे आजही तो लागू नाही.

ही पद्धत सुरू कशी झाली?

खरं तर व्यापाराइतकीच जुनी आहे, पण आजचं रूप विसाव्या शतकातलं. अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२२ मध्ये 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' ही दोन अमेरिकी प्रवासी जहाजं पनामाच्या ध्वजाखाली नेण्यात आली, म्हणजे प्रवाशांना मद्य देता यावं. १९२५ च्या कायद्याने पनामाने परदेशी मालकांसाठी दार नीट उघडलं. लायबेरियाची रजिस्ट्री १९४८ ची. ती उभी करण्यात अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांचा पुढाकार होता. लायबेरिया आणि मार्शल बेटं या दोन्ही रजिस्ट्रींचं रोजचं काम आजही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतं. २०२३ मध्ये लायबेरियाने पनामाला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला.

मालकाला यात नेमकं काय मिळतं?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे कर. खुल्या रजिस्ट्रीत, म्हणजे परदेशी मालकांनाही नोंदणी देणाऱ्या रजिस्ट्रीत, साधारणपणे आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नफ्यावर आयकर नसतो, जहाजाच्या टनेजप्रमाणे (आकारमानाप्रमाणे) ठरलेली वार्षिक रक्कम भरायची असते. वर्ष बुडीत गेलं तरी ती भरावी लागते आणि वर्ष भरभराटीचं गेलं तरी वाढत नाही.

दुसरी म्हणजे माणसं. आपल्याच देशाचे खलाशी घ्यावेत अशी सक्ती या रजिस्ट्री करत नाहीत. कॅप्टन एका खंडातला, चीफ इंजिनिअर दुसऱ्या आणि डेकवरचे लोक तिसऱ्या, हे चालतं.

तिसऱ्या गोष्टीकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत, पण अनुभवी मालक सगळ्यात आधी तीच बघतात : गहाणाची नोंद. जहाजाच्या किमतीचा मोठा भाग बँकेच्या कर्जातून येतो. कर्ज थकलं तर आपला हक्क कुठल्याही बंदरातल्या न्यायालयात टिकेल का, हा बँकेचा सवाल असतो. ज्या देशाचा गहाणखताचा कायदा स्पष्ट आणि न्यायालयांच्या परिचयाचा आहे, त्याच ध्वजाला बँक होकार देते. म्हणून कर्ज घेणार असाल तर ध्वज ठरवण्याआधी बँकेची यादी मागून घ्या. पुष्कळदा निवड तिथेच संपते.

देशांतर्गत वाहतुकीचा मुद्दाही याच जागी सांगायला हवा. अनेक देश आपल्याच दोन बंदरांमधली वाहतूक स्वतःच्या ध्वजासाठी राखून ठेवतात. अमेरिकेचा १९२० चा जोन्स कायदा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि अमेरिकी खलाशांचं असावं अशीच अट घालतो. असा धंदा करायचा असेल तर परदेशी ध्वजाचा काही उपयोग नाही.

परदेशी ध्वज घेतला की मालकाचा स्वतःचा कर वाचतो का?

आपोआप नाही. ध्वजराष्ट्र कर घेत नसलं तरी मालक जिथे राहतो किंवा कंपनीचे निर्णय जिथे बसून घेतले जातात, तो देश कर मागू शकतो. मालकी लपवण्यासाठी ध्वज बदलावा असा सल्ला कोणी देत असेल, तर तिथून उठून या. चांगली रजिस्ट्री खऱ्या लाभधारकाचं नाव मागते, निर्बंधांच्या याद्या तपासते आणि बँकही तेच करते.

'सोयीचा ध्वज' म्हणजे वाईट ध्वज का?

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, १९४८ पासून सोयीच्या ध्वजांविरुद्ध, म्हणजे मालकाच्या देशाऐवजी सोयीसाठी घेतलेल्या परक्या ध्वजांविरुद्ध, मोहीम चालवत आहे. तिला सबळ कारण आहे. मालक एका देशात, ध्वज दुसऱ्या आणि खलाशी तिसऱ्या देशाचा असला की जबाबदारी अंगाबाहेर टाकणं सोपं होतं. तेलगळतीचा इतिहास बघा : १९६७ चं 'टॉरी कॅनियन' आणि १९७८ चं 'अमोको कॅडिझ' लायबेरियाच्या ध्वजाखाली होतं, १९९९ चं 'एरिका' माल्टाच्या आणि २००२ चं 'प्रेस्टिज' बहामाच्या.

पण आज हे चारही संदर्भ देऊन त्या ध्वजांना सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. या अपघातांनंतर मोठ्या खुल्या रजिस्ट्रींना स्वतःचं घर सावरावं लागलं, कारण बंदरांनी त्यांना पर्याय ठेवला नाही. १९८२ च्या पॅरिस करारानुसार युरोपातली आणि कॅनडाची बंदरं परदेशी जहाजांची तपासणी करतात. तीन वर्षांत किती जहाजं तपासली आणि किती अडकवून ठेवली, यावरून प्रत्येक ध्वजाला पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या यादीत टाकतात. आशिया-पॅसिफिक भागात टोकियो करार हेच काम करतो. काळ्या यादीतल्या ध्वजाचं जहाज वारंवार तपासलं जातं, वारंवार अडकतं आणि दोषी ठरत राहिलं तर त्याला बंदरबंदी होते. नोंदणीत वाचवलेले पैसे बंदरात अडकलेल्या पहिल्याच आठवड्यात निघून जातात.

आमचा आग्रह एवढाच, की ध्वज खुला आहे की राष्ट्रीय हे बघू नका. तो कुठल्या यादीत आहे ते बघा आणि रात्री दोन वाजता फोन केला तर निर्णय घेऊ शकणारा माणूस पलीकडे आहे का ते बघा.

नोंदणीची प्रक्रिया कशी असते?

आधी नावाची चौकशी करून ते राखून ठेवायचं. मग मालकीचा पुरावा द्यायचा. नवं जहाज असेल तर बांधणाऱ्याचा दाखला, जुनं असेल तर विक्रीखत. जुन्या रजिस्ट्रीकडून दोन गोष्टी हव्यात : जहाजावर कुठलाही बोजा नसल्याचा दाखला आणि नाव वगळल्याचा दाखला. सगळी घाई आणि सगळी भांडणं या दुसऱ्या दाखल्यापाशी होतात. जुन्या मालकाची वार्षिक फी थकलेली असेल किंवा गहाण फिटलेलं नसेल, तर जुनी रजिस्ट्री तो देत नाही. विक्रीच्या करारातच तो कधी आणि कोणी आणायचा हे लिहून घ्या.

यानंतर मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे जहाजाची बांधणी आणि स्थिती तपासणाऱ्या संस्थेकडून, सर्वेक्षण होतं. लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही, ब्युरो व्हेरिटास यांसारख्या संस्थांना बहुतेक देशांनी आपल्या वतीने तपासणी करण्याचा अधिकार दिलेला असतो. टनेजचा दाखला, किमान खलाशीसंख्येचा दाखला, रेडिओ परवाना, विम्याची प्रमाणपत्रं आणि जहाजाच्या जन्मापासूनच्या मालकांची, ध्वजांची व नावांची नोंद असलेली अखंड इतिहासपत्रिका, हे सगळं जुळलं की काम होतं.

मोठ्या रजिस्ट्री आधी तात्पुरती नोंदणी देतात, बहुधा सहा महिन्यांची, आणि कागद व्यवस्थित असतील तर ती फार लवकर मिळते. मूळ कागद नंतर पोचवायचे असतात.

तात्पुरत्या नोंदणीची मुदत उलटून गेली तर?

तसं होऊ देऊ नका. 'सायगा' या तेलवाहू जहाजाची गोष्ट प्रत्येक मालकाने ऐकावी अशी आहे. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडाइन्सच्या ध्वजाखालचं हे जहाज ऑक्टोबर १९९७ मध्ये गिनीने पकडलं. तेव्हा त्याच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपून काही आठवडे झाले होते आणि कायमची नोंदणी अजून व्हायची होती. जहाजाला राष्ट्रीयत्वच नव्हतं, असा युक्तिवाद गिनीने हँबुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात केला. १९९९ च्या निकालात न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि २१ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

तो खटला एका छोट्या बेटराष्ट्राने आपल्या ध्वजाखालच्या जहाजासाठी लढला. ध्वजाचा खरा अर्थ मला इथे दिसतो. तरीही तारखेच्या एका चुकीमुळे सगळं हातचं जाण्याची वेळ आली होती, हे विसरू नये.

ध्वज बदलला की जहाजाची ओळख बदलते का?

मूळ बंदर, कॉल साइन (रेडिओवरची ओळख) आणि नऊ आकडी एमएमएसआय हा रेडिओ-ओळख क्रमांक बदलतो, नावही बदलू शकतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, सात आकडी क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. जुनं जहाज विकत घेताना चौकशी नावावरून करू नका, या क्रमांकावरून करा.

दोन ध्वज एकाच वेळी ठेवता येतात का?

नाही. सोयीप्रमाणे दोन ध्वज वापरणारं जहाज कलम ९२ नुसार ध्वजहीन समजलं जाऊ शकतं.

बेअरबोट चार्टर नोंदणी हा वेगळा आणि वैध प्रकार आहे. जहाज खलाशांशिवाय दीर्घ मुदतीने भाड्याने दिलं, तर भाडेकरूच्या पसंतीच्या देशाचा ध्वज तेवढ्या काळापुरता लावता येतो. मालकी आणि गहाण मूळ रजिस्ट्रीतच राहतं, पण तिथला ध्वज लावण्याचा हक्क त्या काळात स्थगित असतो. दोन्ही देशांच्या कायद्यात याची तरतूद हवी आणि बँकेची लेखी संमतीही हवी.

समुद्रकिनारा नसलेल्या देशाचा ध्वज चालतो का?

चालतो. १९२१ च्या बार्सिलोना जाहीरनाम्यापासून हा हक्क मान्य आहे. स्वित्झर्लंडची जहाजं बाझेल हे मूळ बंदर लावून समुद्रात फिरतात. लक्झेंबर्ग आणि मंगोलियाच्याही रजिस्ट्री आहेत.

यॉटसाठी कुठला ध्वज बरा?

आधी तीन प्रश्नांची उत्तरं ठरवा : लांबी किती, भाड्याने देणार की फक्त स्वतःसाठी, आणि वर्षातला बराच काळ कुठल्या पाण्यात राहणार. २४ मीटर ही महत्त्वाची रेषा आहे. त्याखालच्या खासगी बोटीला नियम बरेच सौम्य असतात. त्यावरची यॉट भाड्याने द्यायची असेल तर मोठ्या यॉटसाठीची संहिता पाळावी लागते आणि साधारणपणे १२ पेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत.

मोठ्या यॉटमध्ये 'रेड एन्साइन' गटाचा, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रदेशांच्या रजिस्ट्रींचा, दबदबा आहे. केमन बेटं, आइल ऑफ मॅन, बर्म्युडा, जिब्राल्टर ही त्यातली परिचित नावं. यॉटची संहिताही याच गटाने घडवली आहे. माल्टा युरोपीय संघातलं सगळ्यात मोठं जहाज रजिस्टर चालवतो, मार्शल बेटंही यॉटच्या क्षेत्रात जोरात आहेत.

भूमध्य समुद्रात फिरणाऱ्यांना युरोपीय संघाचा एक नियम ठाऊक हवा. यॉटचा ध्वज संघाबाहेरचा असेल, मालक आणि वापरणारा दोघेही संघाबाहेर राहणारे असतील आणि वापर खासगी असेल, तर सीमाशुल्क आणि व्हॅट न भरता १८ महिन्यांपर्यंत यॉट तिथे ठेवता येते. संघात राहणाऱ्या माणसाने फक्त ध्वज परदेशी घेतला म्हणून ही सवलत मिळत नाही. या गैरसमजापायी यॉट जप्त होऊ शकते.

लहान बोटींसाठी साधी, स्वस्त रजिस्टरं असतात. ब्रिटनचं छोट्या बोटींचं रजिस्टर तसंच आहे, पण त्यातली नोंद मालकीचा पुरावा ठरत नाही आणि तिथे गहाणही नोंदवता येत नाही. शिवाय ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठीच आहे.

विमानालाही असाच ध्वज निवडता येतो का?

काही प्रमाणात. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाचं राष्ट्रीयत्व म्हणजे त्याच्या नोंदणीचा देश, आणि दोन देशांत वैध नोंदणी असू शकत नाही. शेपटीजवळच्या अक्षरांवरून देश ओळखता येतो. 'एन' म्हणजे अमेरिका, 'व्हीपी-सी' केमन बेटं, 'टी७' सॅन मारिनो, 'पी४' अरुबा, '९एच' माल्टा. आइल ऑफ मॅनने २००७ मध्ये 'एम' अक्षराचं रजिस्टर उघडलं, तेही मुख्यतः खासगी आणि कंपनीच्या वापरातल्या विमानांसाठी.

जहाजापेक्षा मोठा फरक असा, की विमान कंपनीला आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे हक्क दोन देशांमधल्या करारातून मिळतात. त्यासाठी कंपनीची मालकी आणि नियंत्रण त्याच देशातल्या लोकांकडे असावं अशी अट बहुधा असते. म्हणून विमान कंपन्यांना मनपसंत देश निवडता येत नाही. खासगी जेटच्या मालकाला मोकळीक जास्त. त्यातही अमेरिकेचं रजिस्टर परदेशी मालकाला थेट खुलं नाही, ट्रस्टची व्यवस्था करावी लागते. ते विमान अमेरिकी नियमांनी चालतं, वैमानिकांचे परवाने आणि देखभालही त्याच नियमांत बसावी लागते.

भाडेपट्ट्यावरच्या विमानांसाठी २००१ चा केपटाउन करार कळीचा आहे. विमानावरचे हक्क डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीत नोंदवले जातात. 'आयडेरा' हे अधिकारपत्र दिलेलं असेल तर भाडं थकल्यावर विमानाचं नाव वगळून ते देशाबाहेर नेण्याची मागणी धनको स्वतः करू शकतो. करार पाळणाऱ्या देशात विमान ठेवलं की कर्ज स्वस्त मिळतं ते यामुळेच.

विमानाची नोंदणी एकीकडे आणि वापर दुसरीकडे असेल तर देखरेख कोणाची?

मुळात नोंदणीच्या देशाची. शिकागो कराराच्या ८३ बिस या कलमामुळे ती जबाबदारी वापरणाऱ्या देशाकडे सोपवता येते. २०२२ मध्ये या व्यवस्थेचा कस लागला. रशियन कंपन्या वापरत असलेली पुष्कळ विमानं बर्म्युडात नोंदलेली होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर निर्बंध आले आणि विमानं सुरक्षित आहेत याची खात्री करणं बर्म्युडाला शक्य राहिलं नाही. मार्च २०२२ मध्ये बर्म्युडाने त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रं स्थगित केली. रशियाने मालकांच्या संमतीशिवाय ती विमानं आपल्या रजिस्टरवर घेतली. आपल्याला बघता येत नसेल तर प्रमाणपत्र देणार नाही, असं म्हणणारी रजिस्ट्री मला विश्वासाची वाटते.

मी खलाशी आहे. जहाजाचा ध्वज माझ्यासाठी का महत्त्वाचा?

तुमच्यासाठी तो मालकापेक्षाही जास्त महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये मोल्डोव्हाच्या ध्वजाखालचं 'रोसस' हे मालवाहू जहाज बैरूतला थांबलं, अडकलं आणि मालकाने ते सोडून दिलं. कॅप्टन आणि तीन खलाशी पगाराशिवाय महिनोन् महिने त्या जहाजावर अडकून पडले. उतरवून गोदामात ठेवलेल्या त्यातल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या स्फोटाने ४ ऑगस्ट २०२० रोजी दोनशेहून अधिक जीव घेतले.

सही करण्याआधी जहाजाचा आयएमओ क्रमांक मागा. २००६ चा सागरी कामगार करार ध्वजराष्ट्राने स्वीकारला आहे का ते बघा. त्यातल्या २०१७ पासूनच्या तरतुदींनुसार मालकाने परित्यागाविरुद्ध विमा किंवा तशी हमी ठेवलीच पाहिजे. दोन महिने पगार मिळाला नाही, घरी पाठवण्याचा खर्च नाकारला किंवा जहाजावर अन्नपाणी, इंधन पुरवणं बंद झालं, तर ते परित्यागात मोडतं. विमा कंपनीकडून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि परतीचा खर्च मिळतो. तो दाखला जहाजावर खलाशांना दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा. नसेल तर विचारा, विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. जहाजावर आयटीएफचा (पगार आणि कामाच्या अटींचा) करार आहे का हेही त्याच वेळी विचारा.

अधिकाऱ्यांसाठी आणखी एक. तुमच्या प्रमाणपत्राला ध्वजराष्ट्राची मान्यता लागते. अर्ज केल्याच्या पुराव्यावर फक्त तीन महिने काम करता येतं.

रजिस्ट्री बनावट आहे हे कसं ओळखावं?

हल्ली हा धोका फार वाढला आहे. निर्बंध चुकवणाऱ्या जुन्या तेलवाहू जहाजांसाठी, त्या देशाच्या सरकारला पत्ताही नसताना त्याच्या नावाने दाखले विकले जातात. अशा जहाजाचा विमा फोल ठरतो आणि खलाशी कुठल्याच कायद्याच्या संरक्षणात राहत नाहीत. संकेतस्थळ किती देखणं आहे यावर जाऊ नका. आयएमओच्या 'जीआयसिस' या माहितीकोशात जहाजाची नोंद बघा आणि त्या देशाच्या सागरी खात्याला थेट लिहून विचारा. खरी रजिस्ट्री आधीच्या वगळल्याच्या दाखल्याशिवाय आणि वर्गीकरण संस्थेच्या कागदांशिवाय कायमची नोंदणी देत नाही.

भंगारात काढण्याआधी ध्वज का बदलतात?

युरोपीय संघाच्या नियमांनुसार संघातल्या देशांचा ध्वज असलेलं जहाज मान्यताप्राप्त यार्डातच तोडावं लागतं. किनाऱ्यावर चढवून तोडणाऱ्या यार्डांकडून किंमत जास्त मिळते, म्हणून जहाज रोखीने घेणाऱ्या मध्यस्थाला विकलं जातं आणि तो शेवटच्या फेरीपुरता कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स आणि नेविससारखा ध्वज घेतो. अॅस्बेस्टॉस, तेलाचा गाळ आणि विषारी रंग यांचा त्रास मग तोडणाऱ्या कामगारांच्या वाट्याला येतो. २६ जून २०२५ पासून हाँगकाँग करार लागू झाला आहे. त्यानुसार जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते आणि तोडण्यासाठी परवानगी असलेलंच यार्ड निवडावं लागतं. जहाज विकताना खरेदीदार मध्यस्थ आहे का, तो कुठल्या यार्डात नेणार आहे, हे विक्रीखतात लिहून घ्या आणि घातक पदार्थांची यादी जहाजासोबत द्या.